"अळणी म्हंजे मी काय करू, ते सांगा"

कुणी शेतातून येऊन हातपाय धुऊन बसली असेल, कुणाची भाकरी तव्यावर असेल. हात चालू द्या, कान इकडे ठेवा. आज बचतीचा हिशोब किंवा बँकेचं कर्ज यातलं काही सांगणार नाही. आज एका शब्दाबद्दल बोलायचं आहे. तो शब्द मी वापरला आणि आमच्या गटातली एक बाई तीन आठवडे बैठकीला आली नाही.

झालं असं. महिला दिनाला ग्रामसंघाच्या बायांनी पथनाट्य करायचं ठरवलं. विषय सगळ्यांच्या ओळखीचा, फायनान्सचं कर्ज. एकीचा हप्ता थकतो आणि वसुलीवाला दारात येऊन उभा राहतो. वसुलीवाल्याच्या कामाला एक उंच सूनबाई मिळाली. नवऱ्याचा शर्ट, हातात वही, गळ्यात बॅग, बघूनच हसू येत होतं. कर्जदार बाईचं काम एका मावशींना दिलं. त्यांचं नाव सांगत नाही, पण हे सगळं त्यांना विचारूनच सांगते आहे.

शाळेच्या व्हरांड्यात तालीम चालली होती. मावशी दारात उभ्या राहिल्या, खाली बघितलं आणि म्हणाल्या, "उद्या भरते, दादा." बस, एवढंच. पलीकडच्या खांबापाशी बसलेल्या बाईला ऐकूही गेलं नाही. मी चार वेळा करून घेतलं, चारही वेळा तसंच. माझ्या मनात होतं की इथं त्यांनी पदर तोंडाला लावून रडावं, गयावया करावी, बघणाऱ्या बायांच्या डोळ्यांत पाणी यावं. ते होईना. मग मी सगळ्यांसमोर म्हणाले, "मावशी, अगदीच अळणी होतंय हो."

बाकीच्या हसल्या, मावशीही हसल्या. आणि पुढच्या बैठकीला आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. बचतीचे पैसे सुनेच्या हाती पाठवून देत होत्या. शेवटी मी घरी गेले. त्यांनी चहा ठेवला, मी नको नको म्हणत असताना साखर जास्त टाकली, आणि मग म्हणाल्या, "अळणी म्हंजे मी काय करू, ते सांगा ना ताई. भाजी असती त मीठ टाकलं असतं."

मला उत्तर देता आलं नाही. बी.ए.ला मराठी घेतलं होतं, नाटक अभ्यासाला होतं, त्यावर परीक्षेत पानंच्या पानं लिहिली होती. तरी देता आलं नाही.

त्याच सुमारास गटाच्या दप्तराच्या कपाटात अंथरायला मी रद्दी आणली होती. त्यात रविवारच्या पुरवण्या बऱ्याच होत्या, नाटक-सिनेमाची परीक्षणं त्यातच येतात. अंथरता अंथरता वाचत बसले. मनाशी म्हटलं, हे लोक पोटासाठी हेच काम करतात, एखाद्याचं काम फिकं झालं तर हे काय लिहितात ते तरी बघू.

आणि मैत्रिणींनो, तिथे मला आपलं स्वयंपाकघर सापडलं. अळणी, बेचव, सपक, फिका, पाणचट, मिळमिळीत, गुळमुळीत, नीरस. मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहात बसून लिहिणाऱ्या माणसालाही शब्द हवा असला की तो चुलीपाशीच येतो. आपल्याला हे शब्द समजावून सांगायला नकोत. अळणी म्हणजे मीठच नाही. सपक म्हणजे मीठ आहे, पण तिखट, फोडणी, काहीच पुढे येत नाही. पाणचट म्हणजे माणसं चार आली आणि वरणात तांब्याभर पाणी ओतलं. मिळमिळीत खाल्लं तर घशाखाली उतरतं, पण काय खाल्लं ते आठवत नाही. प्रत्येकाचं कारण वेगळं आणि उपायही वेगळा. पाणचट वरणात मीठ टाकून भागत नाही, ते आटवावं लागतं. मी मावशींना अळणी म्हणाले तेव्हा यातलं नेमकं काय झालं होतं, हे मी बघितलंच नव्हतं. तोंडाला आला तो शब्द टाकला.

हे चुलीचे शब्द काही आजचे नाहीत. भरतमुनींचं नाट्यशास्त्र म्हणून फार जुना ग्रंथ आहे. त्याच्या सहाव्या अध्यायात रस म्हणजे काय हे सांगताना त्यांनी जेवणाचाच दाखला दिला आहे. नाना तऱ्हेचे मसाले, भाज्या, गूळ वगैरे घालून केलेलं अन्न खाताना जेवणारा जशी चव घेतो, तशीच चव बघणारा नाटकात घेतो. असे आठ रस तिथे मोजले आहेत, शृंगार, हास्य, करुण, रौद्र आणि पुढचे. म्हणून तर नीरस, रस नसलेलं. गंमत अशी की एवढा मोठा दाखला स्वयंपाकाचा, आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईला मात्र पुढे कित्येक शतकं प्रतिष्ठित रंगमंचावर जागा नव्हती. आपल्या संगीत नाटकात बायकांची कामं पुरुष करत. बालगंधर्व नेसत तसं लुगडं नेसायला शहरातल्या बाया शिकल्या म्हणतात. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात ज्योत्स्ना भोळे आणि पद्मा वर्तक यांनी बायकांच्या भूमिका केल्या, तर ती केवढी मोठी गोष्ट ठरली. म्हणजे शंभर वर्षंसुद्धा झालेली नाहीत. तमाशाच्या फडावर त्याआधीपासून बाया नाचत-गात होत्या, पण त्यांना कुणी मान दिला नाही, ते दुःख वेगळं आहे.

परत रद्दीकडे येते. चुलीच्या शब्दांबरोबर तिथे दुसरेही शब्द होते. 'एकसुरी' हा शब्द तर जागोजागी. पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत आवाज एकाच पट्टीत, बाळाचं बारसं असो की मयत. 'सपाट संवादफेक' म्हणजे वाक्यातला कुठला शब्द महत्त्वाचा हे बोलणाऱ्यालाच कळलेलं नाही. 'पाठ केल्यासारखं', हे तर आपण १५ ऑगस्टच्या भाषणात दरवर्षी ऐकतो. 'मख्ख चेहरा', 'ठोकळा', 'यांत्रिक'. आणि 'पाट्या टाकल्या'. म्हणजे मन न लावता काम उरकलं. या शब्दाशी माझं भांडण आहे. बहात्तरच्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर ज्यांनी खरोखर मातीच्या पाट्या टाकल्या, त्या बाया अजून आपल्या गावांत आहेत. त्यांना विचारा, बिनमन लावता पाटी डोक्यावर चढते का. पण शब्द रूढ झाला, आता कोण बदलणार.

हे सगळे शब्द टोचणारे असले तरी त्यातून निदान काही कळतं. 'एकसुरी' म्हटलं की आवाजावर काम करायचं. 'मख्ख' म्हटलं की चेहऱ्यावर. खरी पंचाईत गोड शब्दांची आहे. 'सर्वांनी आपापल्या भूमिकांना न्याय दिला.' 'इतरांची साथ यथायोग्य.' 'प्रयत्न प्रामाणिक आहे.' 'भूमिकेला फारसा वाव नव्हता.' पहिली चार परीक्षणं वाचताना मला वाटलं, वा, सगळ्यांचं कौतुक आहे. दहा वाचल्यावर कळलं की जिथे लिहिण्यासारखं काही आठवत नाही तिथे ही वाक्यं येतात. लग्नात जेवण कसं होतं विचारल्यावर आपण म्हणतो ना, "मांडव छान होता."

आणि दुसऱ्या टोकाला घाव घालणारे. अमेरिकेत कॅथरीन हेपबर्न नावाची नटी होती. १९३३ साली तिचं 'द लेक' नावाचं नाटक आलं. त्यावर डोरोथी पार्कर या लेखिकेने एक टोमणा मारला, तो आजही सांगितला जातो. त्याचा आशय असा, की बाईंनी भावनांचा सगळा पल्ला गाठून दाखवला, 'अ'पासून थेट 'आ'पर्यंत. वाचून मीही हसले. नंतर कळलं की या हेपबर्नबाईंना सगळ्या आयुष्यात मिळून चार ऑस्कर मिळाले. अभिनयाचे एवढे ऑस्कर आजवर दुसऱ्या कुणाला मिळालेले नाहीत. तिने तो टोमणा कसा पचवला असेल हे वाचताना मला मावशींचं हसणं आठवलं. व्हरांड्यातलं, सगळ्यांबरोबरचं.

सगळेच परीक्षक असे नसतात. मराठीत माधव मनोहर, कमलाकर नाडकर्णी, पुष्पा भावे अशी माणसं होऊन गेली, ज्यांनी आयुष्यभर नाटकं बघून त्यांच्यावर लिहिलं. पुष्पाताई तर रुईया महाविद्यालयात मराठी शिकवायच्या आणि सामाजिक चळवळींतही असायच्या, म्हणजे नाटकाच्या खुर्चीतही आणि मोर्चातही. चांगल्या परीक्षणात एक गोष्ट मला दिसली, कुठे बिघडलं ते सापडतं. पहिल्या अंकात की शेवटच्या, नटामुळे की लिहिणाऱ्यामुळे की बसवणाऱ्यामुळे.

हे आपल्या हळदीसारखं आहे बघा. हिंगोलीच्या हळद मार्केटात व्यापारी काडी मोडून बघतो आणि म्हणतो, रंग कमी आहे. भाव पाडायला त्याला एवढं पुरतं. पण घरी आल्यावर आपण त्या तीन शब्दांवर थांबत नाही. कच्ची शिजली का? जास्त शिजली? वाळवताना पाऊस लागला? पॉलिशला कमी फिरली? जिथे चुकलं ते शोधतो, नाहीतर पुढच्या वर्षी तेच. मी मावशींशी व्यापाऱ्यासारखी वागले होते.

आता यातली अवघड गोष्ट सांगते. कधी कधी जे अळणी वाटतं ते अळणी नसतं.

चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' हा मराठी सिनेमा २०१४ चा. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. त्यात वीरा साथीदार यांनी शाहिराचं काम केलं आहे. ते स्वतः चळवळीतले कार्यकर्ते होते. आणि गीतांजली कुलकर्णी यांनी सरकारी वकीलबाई केली आहे. ही वकीलबाई कोर्टात उभी राहून कायद्याची कलमं कागदावरून वाचते, एकाच सुरात, आवाज ना वर ना खाली. एका माणसाचं आयुष्य टांगणीला लागलं आहे आणि ही आपली किराणा मालाची यादी वाचावी तशी वाचते. मग संध्याकाळी पोराला घेऊन घरी येते, स्वयंपाक करते. मोबाईलवर पहिल्यांदा बघताना दहा मिनिटांत मी बंद केला होता, म्हटलं यात काहीच होत नाही. नंतर एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून पूर्ण बघितला आणि अंगावर काटा आला. तिचा आवाज तसा सपाट आहे म्हणूनच भीती वाटते. तहसीलमध्ये, बँकेत, आपला कागद बाजूला सरकवताना याच आवाजात आपल्याशी बोलतात की नाही?

किंवा आपले निळू फुले घ्या. गावोगावच्या बाया त्यांना खरोखरचा दुष्ट माणूस समजून शिव्या द्यायच्या. ते कधी ओरडायचे का? 'सामना'मधला हिंदुराव धोंडे पाटील बघा. मवाळ आवाज, थांबून थांबून बोलणं. पण त्या थांबण्यात समोरच्याचा घाम निघतो. हळू बोलणं आणि अळणी बोलणं या दोन गोष्टी आहेत, मी त्या एकच समजले होते. आणि जोरात म्हणजे रंगलं, असंही नाही. टीव्हीवरच्या मालिकांत सासू तीन वेळा मान वळवते आणि ढोल वाजतो, त्याला परीक्षक 'भडक' म्हणतात. मीठ नसलेली भाजी निदान दुरुस्त होते. खारट झालेल्या भाजीत बटाटे टाकत बसावं लागतं.

आपण तर नामदेवांच्या गावची माणसं. कीर्तन रंगलं की नाही रंगलं, हे नरसीत लहान पोरालाही कळतं. औंढ्याच्या नागनाथाची गोष्ट तुम्हाला माहीतच आहे. देवळासमोर नामदेवांचं कीर्तन चाललं होतं, पुजाऱ्यांनी त्यांना मागे जायला सांगितलं, नामदेव मागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभं राहिलं. लहानपणापासून मी ही गोष्ट भक्तीची म्हणून ऐकली. आता तिच्यात मला मागे जाऊन बसलेले टाळकरीही दिसतात. समोरची जागा सोडून जे त्यांच्यामागे गेले, ज्यांनी धरपद धरलं, त्यांच्याशिवाय कीर्तन झालं असतं का? कीर्तनकार एकटा रंग आणत नाही. आमच्या व्हरांड्यात मात्र मावशी बोलत असताना दोघी मोबाईल बघत होत्या, एकीचं पोर रडत होतं, आणि मी वहीत बघून पुढची वाक्यं सांगत होते. टाळकरी कुणीच नव्हतं.

त्या दिवशी चहा पिताना मावशींनी मला आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती आता सांगते. मी विचारलं, "मावशी, तुम्ही रडला का नाहीत? बाई त्या वेळी रडेल ना?" मावशी म्हणाल्या, "नाही रडत. माझ्या दारात आला होता ना, मला माहीत हाये. तो दारात असतो तव्हा शेजारीण ऐकत असते. पोरं घरात असतात. तव्हा बाई लई हळू बोलते. त्यानं पण हळू बोलावं म्हणून. रडणं नंतर, चुलीपाशी."

मी गप्प बसले. ज्याला मी अळणी म्हणाले होते ते आमच्या सगळ्या नाटकातलं एकमेव खरं वाक्य होतं. बाकी सगळं मी लिहिलं होतं, टीव्ही बघून.

पण म्हणून प्रश्न संपला नाही. खरं असलं तरी खांबापाशी बसलेल्या बाईला ते ऐकू जात नव्हतं, आणि तिच्यासाठीच तर नाटक होतं. मग दोघींनी बसून विचार केला. मावशींनी आवाज वाढवायचा नाही. वसुलीवाल्या सूनबाईने मोठ्याने बोलायचं, "काकू, आज चौथा दिवस!" आणि मावशींनी लगेच उत्तर द्यायचं नाही. आधी शेजारच्या दाराकडे बघायचं, मग घरात बघायचं, मग एक पाऊल पुढे येऊन बोलायचं. रडण्याचं वाक्य मी कापून टाकलं. बाकीच्या बायांनी त्या वेळी हलायचं नाही, असं ठरलं. आणि प्रेक्षकांना लांब गोल करून बसवण्याऐवजी जवळ बसवायचं. उपाय एवढेच. यातला एकही 'अळणी' या शब्दात नव्हता.

महिला दिनाला पारासमोर प्रयोग झाला. सगळं काही छान झालं असं सांगणार नाही. सुरुवातीलाच माईक गेला. वसुलीवाल्याच्या शर्टाचं बटण तुटलं आणि पोरं खिदळली. मधूनच एक मोटारसायकल हॉर्न वाजवत गेली. मग सूनबाई ओरडली, "काकू, आज चौथा दिवस!" मावशींनी शेजारच्या दाराकडे बघितलं. तिथे दार नव्हतंच, ग्रामपंचायतीचा फळा होता, पण सगळ्या बाया वळून तिकडे बघायला लागल्या. मावशींनी घरात बघितलं. पुढे आल्या. मागून एक आजी म्हणाली, "जोरात बोल की गं!" आणि तिच्या शेजारची तिला म्हणाली, "गप. ऐकू येतंय."

"उद्या भरते, दादा."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. समोर बसलेल्या दोघी-तिघींनी माना खाली घातल्या. नाटक संपल्यावर एक बाई माझ्याकडे आली आणि म्हणाली, ताई, माझी दोन फायनान्सची आहेत, घरात माहीत नाही, कधी येऊ बोलायला? तिच्यानंतर आणखी दोघी आल्या. त्यांच्या कागदांचं काम अजून चालू आहे, त्याबद्दल वेगळ्या कार्यक्रमात बोलू.

दोन दिवसांनी एका पेपरात कोपऱ्यात बातमी आली. मी कापून बैठकीत नेली आणि वाचून दाखवली. महिलांनी पथनाट्य सादर केलं, मान्यवर उपस्थित होते, मान्यवरांची नावं सहा ओळी. शेवटी एक वाक्य होतं, सर्व महिलांनी आपापल्या भूमिकांना न्याय दिला.

मावशी बचतीचे पैसे मोजत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "न्याय म्हंजे बरं झालं म्हणायचं का वाईट?"